पटावरच्या सुना

मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःला फार सोज्वळ रंगवलं. पुण्यात ट्रेनिंगला असताना मैत्रिणी मला मिरची म्हणायच्या. ट्रेनिंग संपल्यावर पहिली नेमणूक मिळाली ती मावळात, लोणावळ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावी, मुलींच्या शाळेवर. घरच्यांना वाटलं, तिकडच्या गार हवेनं पोरगी जरा थंड होईल. कसलं काय!

गावात शाळा दोन. मुलांची शाळा कौलारू, तीन खोल्यांची, तीन मास्तरांची. भिंतीवर घड्याळ आणि हिंदुस्थानचा मोठा नकाशा. आमची मुलींची शाळा म्हणजे पाटलांच्या गोठ्याला लागून असलेली एक लांबट खोली. मधल्या भिंतीपलीकडे म्हैस बांधलेली असायची. पाढे चालू असताना ती हंबरली की पोरी तेवढ्यापुरत्या थांबायच्या आणि तिचं झालं की पुढचा आकडा घ्यायच्या. मी एकदा मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे नकाशा मागायला गेले, आठवड्यातून एक दिवस द्या म्हणून. ते म्हणाले, "मुलींना कुठं जायचंय बाई, नकाशा बघून?"

"तुमचे विद्यार्थी कुठं गेले?" मी म्हटलं. "लावणीच्या दिवसांत तर ते शाळेतही येत नाहीत."

त्या दिवसापासून हेडमास्तर माझ्याशी नुसती मान हलवून बोलू लागले. नकाशा काही मिळाला नाही.

मी बोलले ते खोटं नव्हतं. भातलावणीच्या महिन्यात मुलांच्या शाळेत पाच डोकी दिसली तरी कुणी ब्र काढत नसे. आमच्यावर मात्र वरून कागद आला. माघातल्या तपासणीच्या दिवशी पटावर पंचवीस मुली हजर पाहिजेत, नाहीतर शाळा बंद. पटावर होत्या अठरा. कागद वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा बंद झाली असती तर मला दुसरीकडे नेमणूक मिळाली असती, त्याचं काही नाही. पण त्या अठराजणींनी कुठं जायचं होतं? त्यातल्या तिघी चौथीला बसायच्या होत्या. एकीचं तर लग्न तिच्या आईनं केवळ चौथीसाठी वर्षभर अडवून धरलं होतं.

सात मुली अशा होत्या की रोज शाळेपाशी यायच्या, पण पटावर नव्हत्या. डोंगरावरच्या वाडीतल्या, ठाकर जमातीच्या त्या पोरी. सकाळी डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन उतरायच्या, लोणावळ्याच्या बंगल्यांवर घालायच्या आणि दुपारी परत जाताना आमच्या भिंतीच्या सावलीला टेकायच्या. टेकायच्या कसल्या, खिडकीला लोंबायच्या. एकदा मी वर्गात विचारलं, "तेरा सक?" माझ्या पोरी बोटं मोजताहेत तोवर खिडकीतून आवाज आला, "अठ्ठ्याहत्तर!" त्या सातांतली थोरली होती, उंच, काटक, दहा-अकरा वर्षांची.

"तुला कुणी शिकवलं गं?"

"तूच की," ती म्हणाली. "रोज वरडतीस."

एक दिवस वाडीतले एक आजोबा येऊन शाळेच्या पायरीखाली उभे राहिले. म्हणाले, "बाई, आमच्या पोरी घेतीस का शाळंत? मोळी टाकून आल्या का बसतील. घरी काय, हिंडत्यातच." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अठरा आणि सात, पंचवीस! शाळा बारानंतर भरवायची की झालं. मी तशीच पाटलांकडे पळत गेले.

पाटलांना सगळा गाव आबा म्हणे. शाळेच्या कमिटीचे ते प्रमुख. खोली त्यांची, म्हैसही त्यांचीच. माणूस मनानं मोकळा आणि शाळेचा त्यांना भारी अभिमान, कारण शेजारच्या गावात मुलींची शाळा नव्हती. आठवड्याच्या बाजाराला गेले की ते कुठल्याही बोलण्यात ही गोष्ट आणून बसवायचे. पण वाडीच्या पोरींचं नाव काढल्याबरोबर आबांचा चेहरा बदलला.

"न्हाई बाई. त्या पोरी आन गावच्या पोरी एका बसकरावर? उद्याच्याला समदे आपापली पोर घरी न्हेतील. मग पटावर त्या सातच ऱ्हातील तुमच्या."

"मग सात मी कुठून आणू, आबा?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "हात्तिच्या! आमच्याच घरात तीन सुना हायेत. भावकीत चार. कुनी बारा वर्साची, कुनी चवदा. बसवा की त्यास्नी. दिपोटी काय पत्रिका मागतोय व्हय?"

दिपोटी म्हणजे तपासणीला येणारे डेप्युटी साहेब. सगळी खेडी त्यांना दिपोटीच म्हणत.

मी तेव्हाच ताडकन नाही म्हणायला हवं होतं. शिकायला तयार असलेल्या सातजणी खिडकीबाहेर, आणि आत कोण, तर नुसत्या दाखवायला आणलेल्या सातजणी. पण आबांनी घातलेली भीती खोटी नव्हती. मी घाबरले. मिरची म्हणवणारी मी, गप्प बसले आणि पटावर सात नावं लिहिली. अजून आठवलं की स्वतःचीच चीड येते.

पंधरा दिवस राहिले होते. सुनांची लुगडी उतरवून त्यांना परकर-पोलकी नेसवली, दोन-दोन वेण्या घातल्या. मंगळसूत्रं पोलक्याच्या आत गेली. जोडवी काढायला मात्र एकही सासू तयार होईना. "दिपोटी मरंना का, जोडवी न्हाई निघायची!" मग मी फर्मान काढलं की पाय परकराखाली घेऊन बसायचं. बाकीचं शिक्षण सोपं होतं. मान खाली ठेवायची, पाटीवर पेन्सिल चालती ठेवायची, नाव घेतलं की हजर म्हणायचं. एवढंच शिकवलं मी त्यांना. चौथीच्या तिघी तयार व्हायच्या होत्या, या सातजणींना अक्षरं शिकवायला वेळ कुणाला होता!

त्या मात्र बेहद्द खूष. पंधरा दिवस जातं नाही, शेणघाण नाही. मागच्या बसकरावर बसून खुसुखुसू हसायच्या आणि आपापल्या सासूच्या नकला करायच्या. आबांची धाकटी सून तेवढी वेगळी होती, तेराएक वर्षांची, अंगानं किरकोळ. ती फारशी हसत नसे. पुढच्या बसकरावर पहिलीतल्या चिमुरड्या काय गिरवतात ते मान वाकडी करून बघत असे. मला वाटलं, बिचारी जरा मंद आहे.

आबांना मी दहादा बजावलं होतं, "तुमच्या पाया पडते, पण तपासणीच्या वेळी शाळेत पाऊल टाकू नका." आबा व्हय व्हय म्हणाले होते. पण लोणावळ्याच्या डाकबंगल्याहून साहेबांचा टांगा आला, साहेब कोट-पगडी सावरत उतरले आणि आबांना काही राहवेना. परीटघडीचा फेटा बांधून तेच साहेबांना हाताला धरून आत घेऊन आले.

माझ्या अठराजणी उभ्या राहून "नमस्ते" म्हणाल्या. मागच्या बसकरावर मात्र भलतंच झालं. मामंजी आत आलेले दिसताच सातही जणींचे हात एकदम डोक्यावर पदर ओढायला गेले. पदर होता कुठं? क्षणभर चौदा हात हवेत चाचपडले. मग आबांच्या थोरल्या सुनेनं पाटी उचलून तोंडापुढे धरली. तिचं बघून बाकीच्यांनीही धरल्या. सात पाट्या ओळीनं, आणि त्यामागे सातजणी मान खाली घालून उभ्या.

"या मुलींना काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"लाजत्यात, साहेब," आबा म्हणाले.

"पाटीमागे?"

साहेब मुळात खवचट नव्हते, पण खेड्यांतल्या असल्या युक्त्यांची त्यांना सवय होती. त्यांनी पट उघडला आणि एकेकीला उभं करून स्वतःचं आणि पालकाचं नाव विचारायला सुरुवात केली. अठराजणींनी ठणठणीत सांगितली. एकोणिसावी आली आबांची थोरली सून. तिनं स्वतःचं नाव सांगितलं. पालकाचं विचारल्यावर ओठ घट्ट मिटले. आणि तेव्हा मला माझी चूक कळली. पालकाच्या रकान्यात मी सातजणींच्या सासऱ्यांची नावं लिहिली होती. सासऱ्याचं नाव ती कशी घेणार, मेली तरी घेणार नाही! दुसरी उठली, तिनंही ओठ मिटले. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच.

साहेब आबांकडे वळले. "पाटील, या तिघींच्या नावापुढे तुमचं नाव आहे. तुमच्या मुली?"

"लेकीवानीच की, साहेब."

साहेबांनी खाली पाहिलं. गडबडीत उभं राहताना परकर वर गेले होते आणि सातजणींची जोडवी चकचकत होती. साहेबांनी पट मिटला. ओरडले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "बाई, मी जेवून दोन वाजता येतो शेरा लिहायला. तेव्हा पंचवीस मुली असल्या तर पंचवीस लिहीन. अठरा असल्या तर अठरा. सुना मोजणार नाही."

ते हेडमास्तरांकडे जेवायला गेले. अठराजणी घरी जेवायला पळाल्या. सहा सुनाही तोंड लपवत निसटल्या. आबा पायरीवर बसले आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. इतका पडलेला माणूस मी पाहिला नव्हता. पण माझ्या जिभेला दया आली नाही.

"बसा आता शाळेला कुलूप घालून!" मी म्हटलं. "बाजारात काय सांगाल आबा? शाळा होती, आम्हीच बुडवली, असं? सात मुली रोज पायानं चालत येतात, त्या तुम्हाला चालत नाहीत. आणि धरून आणलेल्या चालतात!"

तेवढ्यात दाराच्या फळीआडून आवाज आला. "बाई, मामंजींस्नी सांगा..."

धाकटी सून गेली नव्हती. परकर-पोलक्यातच, फळीआड उभी. सासऱ्याशी थेट बोलायचं नाही असा रिवाज, म्हणून चार हातांवर बसलेल्या सासऱ्याशी ती माझ्यामार्फत बोलत होती.

"काय सांगू?" मी विचारलं.

"सांगा, त्या सात पोरी भिताडापाशी आल्याती."

आबा समोर बघत म्हणाले, "बाई, तिला सांगा, मला डोळं हायेत."

"मामंजींस्नी सांगा, भात झोडाया त्याच पोरी आन त्यांच्या आया येत्यात आपल्या खळ्यावर. त्यांनी कांडलेला तांदूळ आपन समदे खातो. मग त्यांनी पाटी धरली तर काय बाटतंय?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण आबांनी हात वर केला. ऐकू आलं होतं. त्यांनी मांडीवरच्या फेट्यावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "बाई, तिला सांगा, पंधरा दिस शाळंत बसली तर येवडं त्वांड फुटलं. वरीसभर बसली असती तर मलाच घराभाईर काडलं असतं."

फळीआडून खुदकन हसू आलं. आबा उठले, फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला आणि भिंतीच्या कोपऱ्यावर जाऊन त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ए पोरींनो, आत या गं. बाई बलावत्यात."

अटी त्यांनी घातल्याच. वाडीच्या पोरींचं बसकर वेगळं. रांजणाला त्यांनी हात लावायचा नाही, पाणी कुणीतरी वरून वाढायचं. मला त्या अटी कबूल नव्हत्या, पण घड्याळ नसलेल्या त्या शाळेत दोन वाजत आले होते. मी सगळ्याला हो म्हटलं, सुनांची नावं खोडली आणि खाली सात नवी लिहिली.

अठराजणी जेवून परतल्या आणि मागोमाग साहेब आले. त्यांनी पट पाहिला, शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं, बोटाला शाई लागली.

"ही नावं कधी घातली, बाई?"

"आत्ता, साहेब. खरं सांगते. पण या मुली वर्षभर खिडकीतून शिकताहेत."

"असं?" त्यांनी थोरलीला उभं केलं. "चौदा सत्ते?"

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली, आणि साहेबांचं समाधान झालं की नाही अशी शंका येऊन चौदाचा पाढा शेवटपर्यंत म्हणून मोकळी झाली. साहेब मोठ्यांदा हसले. शेऱ्यात त्यांनी पंचवीस लिहिले. शाळा वाचली. आबांनी टांग्यापर्यंत जाऊन साहेबांना तांदळाची पुरचुंडी देऊ केली, ती साहेबांनी घेतली नाही, पण त्यांच्या टांगेवाल्यानं घेतली.

मी आनंदानं नुसती नाचायची बाकी होते. तेवढ्यात धाकटी सून पाटी परत करायला आली.

"बाई, माजं नाव खोडलं का?"

"खोडलं गं. आता सुटलीस तू."

"बरं," ती म्हणाली. तिनं पाटी ठाकरांच्या थोरलीच्या हातात दिली आणि गेली. मी सहज त्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर क पासून न पर्यंत अक्षरं होती, वाकडी, पण एकही चुकलेलं नाही. पहिलीतल्या पोरी त्या पंधरा दिवसांत जिथवर आल्या होत्या, बरोबर तिथवर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब एकदाच म्हणाले, सुना मोजणार नाही. मी तर पंधरा दिवस नुसत्या मोजल्याच होत्या. तिच्याकडे एकदाही शिकणारी मुलगी म्हणून पाहिलं नव्हतं, वर तिला मंद ठरवलं होतं. आबांना तासलं तेव्हा माझी जीभ केवढी चालली होती! आता घरी जाऊन तिच्यासाठी भांडावं, तर कुठल्या तोंडानं?

भांडायची वेळ तिनंच येऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा भरली आणि ती डोक्यावर हंडा घेऊन दारात हजर, या खेपेला लुगड्यात. "मामंजी म्हनले, वाडीच्या पोरींस्नी पानी वाढाया कुनी तरी पायजे. मी म्हनलं, मी जाते." हंडा रांजणात ओतून ती रांजणापाशीच बसली. पदराखालून पाटी काढली आणि म्हणाली, "न पतुर आलंय, बाई."

त्या दिवसापासून मी तिला शिकवलं, आणि असं शिकवलं की विचारू नका. दर आठवड्याला आबा विचारायचे, "पानी नीट वाढती न्हवं?" मी म्हणायची, "फार नीट, आबा." आबांना सगळं माहीत होतं असा माझा आजही संशय आहे. गावातल्या तीन घरांनी आपल्या पोरी आठवडाभर घरी बसवल्या, मग आबांची स्वतःची नात, लेकीची आजोळी राहिलेली मुलगी, शाळेत जाते हे पाहून परत पाठवल्या. वर्षभरात सून माझं मराठीचं पुस्तक वाचून मोकळी झाली. पाणी वाढता वाढता ती चिमुरड्यांचा पाढाही घ्यायची.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मला हिवतापानं धरलं. नऊ दिवस मी घोंगडीखाली कुडकुडत पडून होते. शाळा बंदच असणार असं धरून चालले होते आणि त्याचीच धास्ती जास्त होती, कारण पट घसरला की पुन्हा तोच कागद येणार. दहाव्या दिवशी काठी टेकत शाळेपाशी आले तर आतून पाढ्याचा गजर. दारात उभी राहून पाहते तर माझ्या जागी सून, पदर खोचलेला, हातात माझी छडी.

"छडी कशाला गं?" मी म्हटलं.

"मारत न्हाई बाई. दाखवाया."

मी पट उघडला. नऊ दिवसांची हजेरी तिच्या त्या वाकड्या अक्षरात भरलेली होती, गावच्या पोरींची, वाडीच्या पोरींची, गैरहजर होत्या त्यांचीही न चुकता. स्वतः रोज आली होती, पण तिच्यासाठी त्यात ओळच नव्हती. मला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. मी दौत ओढली आणि शेवटच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं.

"आन दिपोटी आला म्हंजी?" तिनं घाबरून विचारलं.

"येऊ दे की! त्याला मी बघते." मग माझ्या ध्यानात आलं. "अगं, पण तू इथं शिकवत होतीस, तर नऊ दिवस वाडीच्या पोरींना पाणी कोण वाढत होतं?"

"मला कुटला येळ, बाई?" ती म्हणाली. "शिकवू का पानी वाढू?"

मी मागे पाहिलं. रांजणापाशी ठाकरांची थोरली हातात तांब्या घेऊन उभी होती. समोर गावच्या पोरींची रांग होती, त्यात सगळ्यांत पुढे आबांची नात ओंजळ धरून वाकलेली. थोरली एकेकीच्या ओंजळीत पाणी ओतत होती आणि दरडावत होती, "ढकलू नगा गं! समद्यांस्नी मिळंल."